दहा टनांची क्रेन आणि लेहचं विमान

वडील चाकणजवळच्या एका कारखान्यात क्रेन चालवतात. क्रेन दहा टनांची, आणि सुपरवायझरने उचलायला सांगितलेला साचा बारा टनांचा. वडिलांनी नकार दिला. "घाबरट" म्हणून सगळ्यांसमोर त्यांची टर उडवली गेली आणि काम नाकारलं म्हणून ते सस्पेंड झाले. त्या सक्तीच्या सुट्टीत आम्ही दोघं लेहला ताईकडे गेलो. ती तिथे नर्स आहे. चौकशीच्या आदल्या दिवशीचं परतीचं तिकीट होतं. चौकशीला गैरहजर राहिले तर निकाल एकतर्फी, म्हणजे नोकरी गेलीच.

सकाळचं विमान उशिरा आलं. दुपार झाली. गेटवरची मुलगी म्हणाली, आठ जणांना उद्या जावं लागेल. उंचीमुळे इथली हवा आधीच विरळ. उन्हाने तापली की आणखी विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते, आणि धावपट्टी काही लांबत नाही. एवढं वजन घेऊन उडायला कॅप्टन तयार नाहीत.

मी कारखान्याच्या दारातल्या युनियनच्या गेटसभेची पत्रकं वाचत अक्षरं शिकलेली. "तिकिटं विकताना लेहची उंची माहीत नव्हती?" मी ओरडले.

मागून पुण्याच्या ग्रुपमधल्या एका काकांनी साथ दिली, "तुमचा कॅप्टन घाबरट दिसतोय राव!"

मला आणखी जोर चढला. तेवढ्यात वडील उठले. वाटलं, आता हे भाषण ठोकणार.

"तू गप बस," ते मला म्हणाले. मग काकांकडे वळून, "भाऊ, घाबरट न्हाई तो. त्याला वजन कळतंय." आणि त्या मुलीला, "माझं नाव लिहा. मी थांबतो."

"पप्पा, उद्या चौकशी आहे!"

"मग? त्याचं बरोबर म्हणायचं आणि उतरवायचं दुसऱ्याला?"

"मी उतरते," मी म्हणाले, आणि चौकशीसाठी लिहिलेलं चार पानी निवेदन त्यांच्या हातात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी दिल्लीत उतरल्या उतरल्या फोन केला. "निवेदन वाचलंत?"

"एक पान वाचलं. लई तापलेलं हाय गं ते. मग ठेवून दिलं आन् विमानाचं सांगितलं."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, विमानाचा इथं काय संबंध? पण लिहून घेतलं."

निकाल अजून लागलेला नाही. निवेदनाची प्रत माझ्याकडे आहे. त्यात 'शोषण' पानोपानी आहे. क्रेन दहा टनांची आणि साचा बारा टनांचा, हे मात्र मी कुठेच लिहिलेलं नाही.