हिंदाच्या दातांतला दोरा

हिंदा काट्झ पोलंडमधल्या ब्यावीस्तोकहून अमेरिकेत ब्रुकलिनला आली तेव्हा आठ वर्षांची होती. आईबापांनी तिला एकटीलाच बोटीत बसवलं. ते मागून येणार होते, आले नाहीत. वाढवलं ते राइझलमावशीने, आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर.

शाळेत तिने आपलं नाव हेलन सांगितलं. मावशी आम्हा ज्यूंच्या यिडिश भाषेत बोलली की ही इंग्रजीत उत्तर द्यायची. रस्त्यात "हिंदले!" अशी मावशीची लाडाची हाक आली तर वळूनही बघायची नाही.

"बहिरी झालीस का गं?"

"हेलन म्हण, मग ऐकू येईल."

"वा! मग शब्बाथच्या सणाला सूप हेलनकडेच माग. माझ्या हातचं हिंदाला."

बाराव्या वर्षी शाळेच्या समारंभात स्वागताचं भाषण तिला मिळालं. आमच्या वर्गाच्या लॉरेन्सबाई उच्चारांच्या फार कडक. बोलण्यात परदेशी हेल आला की त्या मुलीला मंचावर पाठवत नसत. हिंदाने दोन महिने आरशापुढे जीभ वळवली. इथलीच पोर म्हणून तिला उभं राहायचं होतं, बस्स.

त्या दिवशी पडद्यामागे मी तिच्याजवळच होते. नाव पुकारायला पाच मिनिटं उरली आणि तिचा झगा खिळ्याला अडकून कमरेपाशी टर्रकन फाटला. बाईंनी सुईदोरा काढला, अंगावरच टाके घालू लागल्या. हिंदा पांढरीफटक पडली. आमच्यात अंगावर शिवतात ते मेलेल्याचं कफन. जिवंत माणसाने तेवढा वेळ दोरा चावायचा, नाहीतर टाक्यांबरोबर अक्कलही शिवली जाते. भाषण विसरलं तर? आणि दोरा मागावा, तर ही कुठली पोर ते बाईंना कळणार!

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"बाई," ती कुजबुजली, "थोडा दोरा द्या ना. चावायला."

बाईंचा हात थांबला. त्यांनी रिळाचा दोरा तोडला, तिच्या ओठांत दिला आणि इकडेतिकडे बघून चक्क यिडिशमध्ये म्हणाल्या, "नीट चाव गं. दोरा न देता शिवताना माझ्या आईने पाहिलं असतं तर आधी मलाच फटका बसला असता."

"बाई, तुम्ही?"

"लॉरेन्स हे नाव मागाहून घेतलेलं. आता तोंड मीट."

टाके संपताच दोरा तोंडातून काढून हिंदा मंचावर गेली. पहिलंच वाक्य म्हणाली, "मी हिंदा काट्झ, आपलं स्वागत करते." पुढे एकदोन ठिकाणी जीभ घसरली, पण विसरली काही नाही.

खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "कार्यक्रमपत्रिकेत तर हेलन छापलंय."

"छापणाऱ्याची चूक, बाई."

पुढे नागरिकत्वाच्या कागदावरही तिने हिंदाच लिहिलं. मावशीने तो कागद दोनदा वाचला, डोळे पुसले आणि म्हणाली, "हेलनही काही वाईट नव्हतं गं. नवरा लवकर मिळाला असता."