आबांच्या हाताला लागलेली ठकठक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी सिव्हिल इंजिनिअर आहे... भिंत म्हणजे ब्लॉक, प्लास्टर आणि रंग, एवढंच मला ठाऊक. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली.

२००९ साल. शारजात अल मजाजला, लगूनसमोरच्या टॉवरमध्ये आम्ही राहायचो. आदल्या वर्षीच्या आर्थिक क्रॅशनंतर माझं दुबईतलं प्रोजेक्ट बंद पडलं होतं. बायको ऑफिसला जायची, मी घरी. बिल्डिंग निम्मी रिकामी झाली होती. बरेच जण बायकामुलांना इंडियाला पाठवून एकटेच राहत होते. शेजारचा आहे की गेला, तेही कळायचं नाही.

आजी वारल्यावर माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, आम्ही साताऱ्याहून व्हिजिटवर आणलं होतं. आबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढलेले. वय पंच्याऐंशीच्या घरात, आणि कान तिकडेच गेलेले. डाव्या कानाशी ओरडलं तरच थोडं ऐकू यायचं. लढाईच्या गोष्टी सांगायचे, पण सगळ्या गमतीच्या — चिखलात बसकण मारणारी खेचरं, अंगावरचा बर्फ, चेस्टनटच्या पिठाची भाकरी देणारी एक इटालियन म्हातारी. गोळीबाराचा विषय निघाला की म्हणायचे, "लई थंडी हुती बाबा," आणि परत खेचरांवर यायचे.

त्या दुपारी जेवणं झाली होती. माझी मुलगी किचनमध्ये आली. "बाबा, आबा इज टॉकिंग टू द वॉल."

जाऊन पाहिलं तर आबा हॉलच्या भिंतीला तळहात लावून उभे. "दगडू, झोपू नगं... झोपू नगं रं."

मी कानाशी जाऊन विचारलं, "आबा, कोण दगडू?"

"संज्या, हात लाव. ठोकतोय त्यो."

मी हात लावला, कानही लावला. काही नाही. ती बाहेरची भिंत, पलीकडे नुसती हवा. वयामुळे भास होत असेल म्हणून मी त्यांना बसवायला गेलो, तर त्यांनी माझा हात झटकला. जन्मात पहिल्यांदा. "खाली हाय त्यो," म्हणाले आणि जिन्याकडे निघाले.

मुलीला समोरच्या भाभींकडे सोडून मी मागे धावलो. एक हात कठड्यावर, एक भिंतीवर, असे आबा एकेक पायरी उतरत होते. दोन मजले खाली, लिफ्टच्या पलीकडच्या एका दारापाशी थांबले. दारावर दोन्ही हात टेकले. "हितं."

मला लाज वाटत होती. बेल वाजवली, कुणी येईना. नातूर — तिथे वॉचमनला नातूर म्हणतात — वर आला. "जोसेफ साब का फ्लॅट है. फॅमिली केरला भेज दिया. कल से दिखा नहीं." मग आबांच्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच म्हणाला, "यल्ला, चलो, चाबी लाता हूँ."

जोसेफ अंकल बाथरूमच्या दारात पडलेले होते. उजवी बाजू लुळी, डावा हात अंगाखाली अडकलेला, ओठ सुकलेले. पण डोळे उघडे. आबा मांडी घालून खाली बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत उठले नाहीत.

संध्याकाळी लगूनकाठी बाकावर बसून त्यांनी मला पलटणीतल्या दगडूची गोष्ट सांगितली. डोंगरातल्या एका गावात घरावर तोफगोळा पडला आणि ते दोघं वेगवेगळ्या खोल्यांत गाडले गेले. आबांचे कान गेले ते तेव्हाच. पण भिंतीला हात लावला की दगडूचं ठोकणं हाताला लागायचं. आबा ओरडत राहिले, झोपू नगं. सकाळी गावातल्या बायांनी आबांना उकरून काढलं.

"म्या भिताडाकडं हात करून सांगत हुतो, पर भाषा कुनाला कळंना. स्ट्रेचरवर घालून न्हेलं मला. तवाबी त्यो ठोकतच हुता रं."

आजीलाही हे माहीत नव्हतं.

जोसेफ अंकलना बोलता यायला बरेच आठवडे लागले. ते म्हणाले, "मोने, बेटा, मैंने कुछ नहीं ठोका. हाथ ही नहीं हिलता था." मग त्यांनी विचारलं, "वो बोलनेवाला कौन था? तुम लोग आने से पहले, मैं आँख बंद करता, तो वो जोर से बोलता... झोपू नगं. ये कौनसा भाषा है?"

आबा दोन मजले वर होते. मधे लिफ्टचा शाफ्ट. त्या भिंतीतून आवाज जाणं शक्य नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

आबा पुढच्या वर्षी गावी गेले आणि तिथेच झोपेत वारले. जोसेफ अंकल केरळात आहेत. त्यांच्या मुलीच्या लग्नात काठी टेकत का होईना, स्वतः उभे होते. आम्ही सगळे गेलो होतो. कुणाला यातलं काही उलगडलं तर जरूर सांगा. मी पुष्कळ डोकं चालवलं... मला नाही उलगडलेलं.