‘आई उठली’ म्हणणारा प्रोग्रॅम

सकाळी दादाचा मुंबईहून फोन आला तेव्हा मी चहात बेकरीचं कडक बटर बुडवत होतो. कुटुंबाच्या ग्रुपवरचा मेसेज नेहमीसारखा येऊन गेला होता : ‘आई उठली. स्वयंपाकघरातला दिवा लागला.’

“मेसेज बघितलास ना?” मी म्हटलं. आवाजात जरा मिजास होती. ती असायचीच, कारण तो मेसेज माझी निर्मिती होता.

आमची आई लांज्याच्या आतल्या एका गावात एकटी राहते. दादा मुंबईला, मी रत्नागिरीत मांडवीजवळ. तिला बोलावून आम्ही दोघंही थकलो, पण ती काही घर सोडत नाही. मी एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. तरुणपणी घाम गाळून शिकलेली जावा ही माझी एकमेव प्रोग्रॅमिंगची भाषा. पालकांच्या मोबाइलवर सूचना पाठवणारा एक प्रोग्रॅम मी कधीतरी जावात लिहिला होता. वाटलं, याच प्रोग्रॅमने आईची खबर आणावी. मग स्वयंपाकघरातल्या दिव्याला एक छोटी पेटी जोडली. दिवा लागला की ती इंटरनेटवर तसं कळवते.

अडचण एवढीच, की त्या पेटीशी बोलणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तयार मिळाली ती पायथन या दुसऱ्याच भाषेत. शहाण्या माणसाने सगळं एका भाषेत नव्याने लिहिलं असतं. मी पायथनची स्क्रिप्ट जावाच्या पोटातून चालवली. रोज सकाळी जावा पायथनला म्हणणार, जा, खबर घेऊन ये. पायथन जाणार आणि एका फाइलीत एक ओळ लिहून ठेवणार. जावा ती ओळ उचलून ग्रुपवर टाकणार. हे मी नात्यातल्या प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला हातवारे करून सांगितलं आहे.

“दोन भाषा एका घरात नांदतात होय?” बायको एकदा म्हणाली होती. “मी एकाच भाषेत बोलते, ते तरी तुमच्यापर्यंत कुठे पोचतं?”

पेटी बसली आणि माझा आईला रोजचा फोन सुटला. मेसेज येतोय म्हटल्यावर फोन कशाला?

तर दादा फोनवर म्हणाला, “मेसेज बघितला म्हणूनच विचारतोय. दिवा लागला कसा रे?”

“कसा म्हणजे? आईने लावला.”

“वाडीतला एक जण काल गावाहून आला, तो भेटला. विजांनी ट्रान्सफॉर्मर उडाला, तीन दिवस झाले म्हणतो. अख्ख्या वाडीत काळोख आहे.”

बटर चहात तुटून पडलं. मी कॉम्प्युटर उघडला. फाइलीत ओळ होती, पण ती लिहिली गेली होती विजा झाल्या त्या दिवशी सकाळी. त्यानंतर पायथन रोज गेला, पेटी सापडली नाही, तोंडावर आपटला आणि रिकाम्या हाताने परत आला. जावाने फक्त परत आला का एवढं पाहिलं. फाइलीत पडलेली जुनी ओळ उचलली आणि ग्रुपवर टाकली. तुझं काम झालं का, हा एक प्रश्न विचारायला मी जावाला शिकवलंच नव्हतं. आतून येणारी चुकांची लाल अक्षरं तर मीच बंद केली होती. स्क्रीनवर बरी दिसत नव्हती म्हणून.

आईला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शेजारच्या काकीला लावला, तेच.

“म्हणजे आज आई उठली की नाही,” दादा सावकाश म्हणाला, “आपल्याला माहीतच नाही?”

“नाही.”

“काल?”

“कालचंही नाही.”

एरवी दादा मला टोमणा मारायची एकही संधी सोडत नाही. त्या वेळी तो फक्त म्हणाला, “तू निघ.”

बायकोने गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवल्या. स्कूटरवरून हातखंबा फाटा मागे टाकला. माझ्या डोळ्यांपुढे विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्या येत होत्या. मग न्हाणीतली ओली फरशी. मग काळोखात चाचपडणारा आईचा हात. पाली गावाच्या पुढे बायकोने मागून पाठीवर थाप मारली.

“बोला ना काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते.”

मी म्हटलं, “स्क्रिप्ट संपताना एक आकडा परत देते. शून्य आला तर ठीक, दुसरा काही आला तर…”

“हे नको,” ती म्हणाली.

लांज्याला रेंज होती. पुन्हा फोन लावला, पुन्हा तेच. महामार्ग सोडून आत वळलो. रस्त्यावर फांद्या पडलेल्या, एका ठिकाणी कुंपणाच्या गडग्याचे चिरे सुटून वाटेत आलेले. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. आठवलं तर फेडावं लागेल.

घराचं पुढचं दार बंद होतं. आमच्याकडे उजाडल्यावर दार बंद नसतं. घरात माणूस आहे तोवर ते उघडं असतं. मी खळ्यात उभा राहिलो आणि मला पुढचं पाऊल टाकता येईना. पन्नाशीचा बाप्या, हेल्मेट घालून, तुळशीपाशी नुसता उभा. बायको मला ओलांडून पुढे गेली आणि तिने दारावर थापा मारल्या.

“आई! ओ आई!”

आतून खोकला ऐकू आला. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

दार काकीने उघडलं. ती मागच्या दाराने पेज घेऊन आली होती. आई वाकळेवर पडलेली, अंग भट्टीसारखं.

“कापलेला भात भिजत होता तो उचलायला गेली नि पावसात सापडली,” काकी म्हणाली. “परवापासून ताप हाय. मी बोल्ले, लांज्याला जाते, फोन करते. तर ही मला जाऊ देईल तर शप्पथ.”

“आई, कळवायचं नाही?” मी म्हटलं.

आईने डोळे उघडले. “कळवायचं काय त्यात? उठले तरी तुझी पेटी सांगते, न्हाय उठले तरी तुला कळतं. तूच बोल्ला होतास.” तिने वाकळ वर ओढली. “परवा न्हाय उठले. म्हटलं, आज येतोय. काल न्हाय उठले. म्हटलं, कामात असेल.”

“गाडीचा आवाज आला की मला बघायला पाठवायची,” काकी म्हणाली.

बायको म्हणाली, “आई, लाईट नव्हती. पेटी बंद होती.”

“मग ह्याला सांगितलान काय पेटीने?”

“उठलीस म्हणून,” मी म्हटलं.

“रोज?”

“रोज.”

आई वर कौलांकडे बघत राहिली. “म्हणजे मी मेले असते,” ती म्हणाली, “तरी उठलेच होते.”

काकीला हसू आलं, आणि लगेच तिने पदर तोंडाला लावला.

रिक्षाने आईला लांज्याला डॉक्टरकडे नेलं. सलाईन लावलं, ताप उतरायला दोन दिवस गेले. मग ती आमच्याकडे रत्नागिरीत राहिली, आणि बरं वाटल्याबरोबर घरची ओढ लागून परत गेली.

मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता पायथन रिकाम्या हाताने आला तर जावा ग्रुपवर लिहितो : ‘आईचं काही कळत नाही.’ आणि गावात लाईट तर सारखी जाते. म्हणून तो मेसेज सारखा येतो. मग मी फोन लावतो, आणि तो लागला नाही की स्कूटर काढतो. बायको म्हणते, पेटीला आणि दिव्याला बॅटरी जोडा. जोडीन. एक आणूनही ठेवली आहे. पण बॅटरीही कधीतरी संपेल, आणि तेव्हा ती काय सांगेल, याचा विचार करत मी अजून ती जोडलेली नाही.

काकी सांगते, लाईट गेली की आई एक मूठ तांदूळ जास्त टाकते, “येईल तो” म्हणत. चुलीवरचा तो भात शिजत असतो, आणि इकडे मी गावच्या वळणावर, दार उघडं दिसेल की बंद या धास्तीने, स्कूटर हळू करतो. लवकर पोचायला हवं असतं, तरीही.