डब्यातला पिस्टन

टाकीवाल्याचा गुडघा मोडला तो टाकीच्याच शिडीवरून घसरून. डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीची देखभाल करण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. उजाडायच्या आत वर जायचं, पातळी बघायची, क्लोरीनची पावडर कालवून ओतायची आणि वस्तीचा व्हॉल्व्ह उघडायचा. व्हॉल्व्ह फिरला की पाइपातून आधी हवा फुसफुसायची, मग घशात अडकल्यासारखा आवाज यायचा आणि मग पाण्याचा जोर हाताला कळायचा. खाली अख्खी वस्ती त्या एका हातावर जागी व्हायची. शिवाय वर साहेब नव्हता, शेजारी नव्हते, कोणाशी बोलायची सक्ती नव्हती. बायको म्हणायची, "तुमचं लग्न त्या टाकीशीच लावायला हवं होतं. मी उगाच मधे आले."

गुडघा सांधला, पण वाकेना. चढावर पाय काठीसारखा बाजूनं फिरवत न्यावा लागे. तो वर पोचेपर्यंत खाली रिकाम्या बादल्या वाजायला लागायच्या. एक दिवस साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता, हीच खरी पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"वेळेत वर पोचा. कसे पोचता ते मी विचारणार नाही," साहेब म्हणाला. "नाही जमलं तर खाली तक्रार खिडकीवर बसवतो. सावलीतलं काम आहे, पायालाही आराम."

तक्रार खिडकी! माणसांचा उबग येतो म्हणून ज्याला डोंगर आवडायचा, त्यानं दिवसभर जाळीमागे बसून लोकांच्या शिव्या खायच्या. टाकीवाल्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मोटरसायकल कामाची नव्हती. थांबताना पाय टेकावा लागतो आणि त्याचा पाय वेळेवर हलेल याची खात्री त्यालाच नव्हती. हवी होती चार चाकांची क्वाड बाईक: आपली आपण उभी राहते, दगडगोट्यांतून चढते, बटण दाबलं की सुरू. नवीचा विचारही नको होता. जुनी बघायची होती, आणि बघायला माणूस घरातलाच होता, बायकोचा धाकटा भाऊ.

त्याला सगळे उस्ताद म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो आतलं दुखणं सांगायचा. त्याचं गॅरेज चांगलं चालायचं. लहानपणी त्याला शर्यतीत उतरायचं होतं, ते राहून गेलं होतं आणि राहून गेलेलं काही तो विसरला नव्हता. गुडघा मोडला त्या दिवशी यानंच टाकीवाल्याला पाठुंगळी मारून डोंगर उतरवला होता. त्या उपकाराखाली टाकीवाला पार वाकला होता, गुडघा वाकत नसला तरी.

"दाजी, तुम्ही फक्त बसून बघायचं," उस्ताद म्हणाला. "बाकी मी बघतो."

विकणारा माणूस शर्यती खेळायचा. पाठीचा मणका सरकला तेव्हा डॉक्टरांनी बंदी घातली. कमरेला पट्टा बांधून तो पत्र्याच्या शेडमधे उभा होता आणि समोर ती गाडी. बुटकी, रुंद, चारी बाजूंना पाय फाकून बसलेली. टाकीवाल्याला ती बघताक्षणी खेकड्यासारखी वाटली, आणि पुढे घरात तिचं नाव खेकडाच पडलं.

उस्तादनं ती सुरू केली मात्र, शेडचे पत्रे थरथरले. त्याच्या चेहऱ्यावर टाकीवाल्यानं असं हसू त्याच्या पोराच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

"कॉम्प्रेशन वाढवलंय!" तो ओरडला.

"उंच डोक्याचा पिस्टन घातलाय," विकणारा म्हणाला आणि टाकीवाल्याकडे वळला. "तुम्हाला कशासाठी हवी, काका?"

"डोंगरावर जायला. रोज पहाटे. मागे क्लोरीनच्या पिशव्या. सावकाश जायचं."

त्या माणसानं इंजिन बंद केलं. "मग खरं सांगतो. ही तशा कामाची नाही. आत पेट्रोल-हवेचं मिश्रण फार दाबलं जातं. शर्यतीचं पेट्रोल मिळालं तर ही वारा होते. साधं पेट्रोल घालून हळूहळू चढ चढवलात, तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण भडकतं आणि आत हातोडे बसतात. शिवाय तापते. थंडीत स्टार्टर फिरवताना बॅटरीचा जीव जातो." त्यानं फळीवरून एक पुठ्ठ्याचा डबा काढला. "हा कंपनीचा मूळ पिस्टन. रिंगा नव्या आहेत. हा बसवून घ्या आणि मगच कामाला लावा. आता भांडते, मग ऐकेल."

जुनी गाडी विकणारा इतकं खरं बोलतो तेव्हा माणसानं ऐकावं. टाकीवाल्यानं ऐकलंही. पण मग त्यानं शेडमागच्या मैदानात एक फेरी मारली. अंगठ्यानं ॲक्सिलरेटर जरासा दाबला आणि मोडका पाय, काठी, चढ, साहेब, सगळं मागे पडलं. तो मोठ्यानं हसला. परत आला तेव्हा नाही म्हणायची ताकद दोघांतही उरली नव्हती.

"डबा घेतलास ना?" निघताना त्यानं विचारलं.

"दाजी, मला सांगता?" डबा उस्तादच्या काखेत होता.

घरी पोचल्यावर टाकीवाला म्हणाला, "उद्या पिस्टन बदलून टाक."

"अहो, आधी चालवून तर बघा! काय हाताने बांधलंय इंजिन. असं उघडून साधं करायचं म्हणजे गायकाला मुका करण्यासारखं आहे."

"मला गाणं नाही ऐकायचं रे. मला वर जायचंय."

"जाल की! मी आहे ना."

पहिल्या पहाटे खेकडा सपाटीवर सुसाट गेला. खरा चढ लागला, पिशव्यांचं ओझं मागे ओढू लागलं, आणि इंजिनातून आवाज यायला लागला, टिणटिणटिण, पत्र्याच्या डब्यात कोणी खिळे हलवत असल्यासारखा. टाकीवाल्यानं वेग कमी केला तर आवाज वाढला. अर्ध्या चढावर वाफ निघाली. तो दगडावर बसून गाडी थंड व्हायची वाट बघत राहिला. खाली दिवे लागले, मग बादल्या वाजल्या. पायी निघाला असता तर पोचला असता.

"तुम्ही हळू चालवता, म्हणून तापते," उस्तादनं निदान केलं. "हिला पळू द्या, वारा लागू द्या."

"त्या वळणावर पळवली तर मी दरीत पळेन."

उस्ताद हसला. त्यानं ठिणगीची वेळ थोडी मागे सरकवली, जाड तेल घातलं, रेडिएटर धुतला. जे करायचं नव्हतं ते सगळं मन लावून केलं. थंडी पडली आणि पहाटे स्टार्टर कण्हून गप्प व्हायला लागला. मग बायको मागून ढकलायची, टाकीवाला एका पायावर पुढून ओढायचा, आणि शेजारचे खिडकीतून विचारायचे, "काय हो, आज खेकडा वाकडा?"

सुट्टीच्या दिवशी मात्र "तपासतो जरा" म्हणून उस्ताद गाडी न्यायचा आणि संध्याकाळी चिखलात माखून यायचा. शर्यतीच्या पेट्रोलचा कॅन त्यानं कुठूनतरी पैदा केला होता. त्या पेट्रोलवर खेकडा असा फुरफुरायचा की लहान पोरं गोळा व्हायची. कॅन संध्याकाळपर्यंत संपलेला असायचा.

एकदा टाकीवाला न सांगता गॅरेजात गेला. उस्तादच्या टेबलावर मूळ पिस्टन उलटा ठेवलेला होता. पोकळ बाजू वर, आणि आत दोन पेनं, एक पेन्सिल, कान कोरायची काडी.

टाकीवाल्यानं पेनं काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "हा माझ्या गाडीतला."

"हो ना. झकास दिसतो, नाही?"

"बसव. आत्ता. मी इथेच बसतो."

"दाजी, आता हातात केवढी कामं आहेत बघा. पुढच्या आठवड्यात नक्की."

"तू मागच्या महिन्यातही पुढचा आठवडाच म्हणाला होतास."

उस्तादचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "मला नाही जमत हो ते. हात जात नाही." टाकीवाल्याला पहिल्यांदा कळलं की हा आळस नव्हता, विसराळूपणाही नव्हता. दुसऱ्या गॅरेजात जावं असं मनात आलं. बायको म्हणाली, "माझ्या भावाचं गॅरेज असताना दुसरीकडे? लोक काय म्हणतील त्याला? पाठीवरून आणलं त्यानं तुम्हाला." त्या पाठीचा हिशोब कधी पुरा होणार, हे विचारायला टाकीवाल्याची जीभ रेटली नाही.

मग ती पहाट आली. चढाच्या मध्यावर इंजिन तापून बंद पडलं ते पडलंच. टाकीवाला पिशवी खांद्यावर टाकून, पाय फिरवत, चार ठिकाणी बसत वर गेला. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा ऊन टाकीच्या भिंतीवर आलं होतं. खाली उतरला तर चढाच्या पायथ्याशी साहेब उभा. मागे वस्तीतल्या बाया, रिकाम्या घागरींसकट.

साहेबानं बंद पडलेल्या गाडीकडे पाहिलं, त्याच्या पायाकडे पाहिलं. "मी थांबलो तेवढा थांबलो," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

खिडकीवर बसून आता टाकीवाल्याला बरेच दिवस झाले आहेत. लोक अजून टाकीवालाच म्हणतात, आणि तेवढ्याचसाठी चार शब्द जास्त ऐकवतात. "तुम्ही होता तेव्हा पाणी उशिरा यायचं. आता येतं, पण वास मारतं. एवढी पावडर टाकतात का?" नव्या माणसाला पावडर कालवायचा कंटाळा आहे, कोरडीच ओततो, हे टाकीवाल्याला वासावरून कळतं. तो सगळं लिहून घेतो आणि वर पाठवतो. खिडकीतून डोंगर दिसत नाही.

खेकडा उस्तादकडे गेला. "तुम्हाला आता लागणार नाही आणि पडून राहिला तर गंजेल," हे बायकोनंच सुचवलं. मैदानावरच्या शर्यतीत त्याचा दुसरा नंबर आला. त्या आनंदात उस्ताद पेढ्यांचा पुडा घेऊन खिडकीवर आला. कामाच्या वेळेत, रांगेतल्या लोकांना बाजूला सारत.

"दाजी, तुमच्यामुळे!" तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. मग खिशातून काहीतरी काढून जाळीच्या फटीतून आत सरकवलं. "तुमच्या टेबलाला शोभेल. पॉलिश करून आणलाय."

पिस्टन होता. आरशासारखा चकचकीत, रिंगा अजून कोऱ्या. टाकीवाल्यानं तो हातात घेतला. अंगठा रिंगेवरून फिरवला. धार अजून तशीच होती. एकदाही न चाललेली.

"अहो, माझं काय?" रांगेतली बाई म्हणाली. "तीन दिवस नळाला थेंब नाही."

पंख्याच्या वाऱ्यानं तिचा अर्ज उडायला लागला होता. टाकीवाल्यानं तो सरळ केला, पिस्टन त्यावर ठेवला आणि पेन उघडलं.

"गल्ली कोणती?" त्यानं विचारलं.