पहिल्यांदा नाही म्हणायचं

शिखर चढून आल्यावर सत्कार करायचा, हा जगाचा क्रम. आमच्या रायपूरच्या मराठी मंडळींनी तो मी निघण्याआधीच उरकला. पाडव्याचा कार्यक्रम होता, स्टेज सजलं होतं, माइक सुरू होता आणि गाणारा ट्रॅफिकमध्ये अडकला होता. मी ग्रीनलंडला बर्फाचा डोंगर चढायला जाणार हे कुणीतरी कुजबुजलं, आणि पुढच्या क्षणी माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. मीही काही कमी नाही. ‘ध्रुवाचं बोलावणं’ या विषयावर असा बोललो की पहिल्या रांगेतल्या काकू रुमाल काढून बसल्या. मागून गाणारा आला, तरी मी माइक सोडेना.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “आता वर चढूनच या बरं. नाही जमलं तं तोंड कुठं लपवसान?”

“शाल परत करता येते.”

“शाल येते. नारळाची तं चटणी झाली.”

तेव्हा कुठे मी हिशेब मांडला. तरुणपणी हिमालयात गिर्यारोहणाचा एक कोर्स केला होता, त्या भांडवलावर मी आयुष्यभर गप्पा हाणल्या होत्या. आता पन्नाशीत खरोखर चढायचं होतं. तिथे सामानाची घसरगाडी कमरेला बांधून बर्फावर ओढावी लागते, म्हणून सरावासाठी टायर ओढा, असं मोहिमेच्या पत्रकात लिहिलं होतं. मी भनपुरीला जाऊन ट्रकचा जुना टायर आणला आणि रोज पहाटे समता कॉलोनीत कमरेला दोर बांधून तो फरफटत नेऊ लागलो. पहिल्याच दिवशी दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, “भैया, टायर तो मिल गया, गाड़ी कहाँ गई?” थंडीची सवय व्हावी म्हणून भनपुरीतल्याच बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऐन उन्हाळ्यात जाड जॅकेट घालून बसायचो. बाहेर डांबर वितळतंय आणि आत मी, बटाट्यांच्या पोत्यांवर, पाय आखडून. तिथला हमाल येताजाता म्हणायचा, “साहब, अंकुर तो नहीं फूटा?”

सगळी तयारी झाली. फक्त एका गोष्टीची तयारी कुणालाच सुचली नाही, कारण ती आमच्या रक्तातच आहे.

मी वाढलो ब्राह्मणपाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत. कुणाकडे जायचं झालं की आई दारातच नियम सांगायची. पहिल्यांदा विचारलं तर नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर ‘खरंच नको’ म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की ‘बरं, अर्धाच’ म्हणून घ्यायचं. पहिल्याच फेरीत हो म्हटलं की मांडीला चिमटा. “लोकं म्हणतीन, पोट्ट्याले घरी खायले नाही भेटत!” समोरच्यांनाही नियम ठाऊक असायचे, त्यामुळे कुणी कधी उपाशी राहिलं नाही.

ग्रीनलंडला नियम ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

घसरपट्ट्यांवर उतरणाऱ्या छोट्या विमानाने आम्हाला बर्फात सोडलं आणि ते उडून गेलं. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. आम्ही चौघे हौशी, शिवाय एक गाइड आणि तिचा मदतनीस. गाइड नॉर्वेची, तिशीतली, उंच, शब्द मोजून वापरणारी बाई. माझ्या तंबूत एक जर्मन दंतवैद्य होता, गोल चेहऱ्याचा आणि खाण्यावर अपार श्रद्धा असलेला.

पहिल्या संध्याकाळी जेवणाला खिचडीसारखं काहीतरी होतं. बाईने डाव पुढे केला, “आणखी?”

मी वाडग्यावर हात धरला. “नको, नको, भरपूर झालं.”

आणि डाव निघून गेला! मी हात तसाच धरून बसलेलो, दुसऱ्या फेरीची वाट पाहत. डाव दंतवैद्याकडे गेला. त्याने ‘तुम्ही म्हणता म्हणून’ एवढंसुद्धा न म्हणता वाडगा पुढे केला. मग पुन्हा केला. मग पातेलं पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ‘नको’ जरा कमी जोरात म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ‘नको’ म्हणताना वाडग्यावर हात न ठेवता नुसती मान हलवली, डोळे मात्र पातेल्यात. काही उपयोग झाला नाही. दिवसभर गाडी ओढायची, थंडीने नाकातले केस कडक व्हायचे आणि माझं जेवण एका वाडग्यावर थांबलेलं. रात्र तर तिथे होतच नव्हती. सूर्य डोक्याशी बसून पाहुण्यासारखा जायचं नाव घेईना. स्लीपिंग बॅगेत तोंड घालून मी बायकोने दिलेला चिवडा हळूच चघळायचो. एकदा शेजारच्या बॅगेतून घाबरलेला आवाज आला, “इथे उंदीर असतात का?”

मग शिखराची वेळ आली. आभाळ स्वच्छ होतं, दुसऱ्या दिवशी चढायचं ठरलं. ज्याला नसेल जायचं, तो मदतनिसासोबत तळावर थांबणार होता. बाईने एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, हो. माझ्याकडे वळली. “तुम्ही येणार?”

ज्या प्रश्नासाठी मी टायर ओढला होता, बटाट्यांत बसलो होतो, नारळाची चटणी खाल्ली होती, तोच हा प्रश्न. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? “छे, मी कशाला! तुम्ही सगळे या जाऊन. मी राहतो.”

बाईने माझा हात हातात घेऊन घट्ट दाबला. म्हणाली, स्वतःची मर्यादा ओळखणारा माणूस मला फार आवडतो. दंतवैद्याने पाठ थोपटली. बाकीच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. चढण्याआधी एक सत्कार झाला होता, आता न चढल्याबद्दल दुसरा झाला.

झोप कसली येते! सकाळी मंडळी दोर बांधू लागली तेव्हा मीही बुटांना काटे लावून, हेल्मेट घालून बाहेर आलो आणि दोराच्या आसपास घुटमळत राहिलो. लग्नाच्या पंगतीत ‘अरे, तुम्ही बसा की’ असं कुणीतरी म्हणावं म्हणून माणूस उगाच पाणी वाढत फिरतो ना, अगदी तसा. कुणी म्हणेना. बाई थर्मास घेऊन आली. “कॉफी?”

“नको, नको.”

वाफाळता कप माझ्या नाकासमोरून दंतवैद्याकडे गेला. आणि माझ्या आत काहीतरी तुटलं.

“मले पाहिजे!”

त्या बर्फाने हे वाक्य पूर्वी कधी ऐकलं नसावं. ते समोरच्या कड्यावर आपटून परत आलं. सगळे थबकले. मी इंग्रजीत म्हणालो, “मला हवं आहे.”

“कॉफी की शिखर?” बाईने विचारलं.

“दोन्ही.”

“मग काल ‘नाही’ का म्हणालात?”

मी सगळं सांगितलं. आई, चिमटा, तीन फेऱ्या, ‘बरं, अर्धाच’. दंतवैद्याने तोंडाजवळ नेलेला कप खाली घेतला. त्याला बहुधा गेल्या सगळ्या जेवणांचा हिशेब लागत होता. “म्हणजे तो उंदीर...” तो पुटपुटला.

बाई हसली नाही. म्हणाली, “मी डोंगरावर कुणालाच आग्रह करत नाही. आग्रहाने वर गेलेला माणूस खाली आणणं फार अवघड असतं. म्हणून एकदाच विचारते. येणार?”

तिचा प्रश्न संपायच्या आत मी हो म्हटलं. आईची क्षमा मागून.

पण खरी परीक्षा पुढे होती. धारेवर चढताना ती वळून विचारायची, “दमलात?” आणि मला खरं सांगावं लागायचं. “नाही नाही, मस्त चाललंय” असं जिभेवर यायचं, ते गिळून मी म्हणायचो, “हो. दमलो.” मग ती वेग कमी करायची. हात गार पडले तेही सांगितलं, भीती वाटली तेही. अशी न लाजता उत्तरं देत देत मी वर पोचलो. माथा एवढासा, आमच्या घरच्या डायनिंग टेबलाएवढा. खाली बर्फ, पलीकडे बर्फ आणि मध्ये मी, भाषण न सुचलेला. बाईने चॉकलेटचा शेवटचा तुकडा पुढे केला. तिने तोंड उघडायच्या आत मी तो उचलला. दंतवैद्याचा हात हवेतच राहिला.

परत आल्यावर ब्राह्मणपाऱ्यात वहिनींनी जेवायला बोलावलं. “भाऊजी, आमरस देऊ अजून?”

“हो, द्या.”

वहिनींचा हात थांबला. पातेल्यात एकाच वाटीचा रस होता आणि तो उघडच त्यांच्या स्वतःसाठी राखलेला होता. बायकोने टेबलाखाली चिमटा काढला. पन्नाशीतही तो अगदी जागच्या जागी बसला.

घरी येताना ती स्कूटरवर मागून म्हणाली, “बर्फात लाजबीज गोठली काय तुमची? काहून असं करून राहिले?”

मी तिला सगळं सांगितलं. मग मी विचारलं, “पुढच्या खेपेला तूही येतेस का?”

“इश्श, मी कशाला! घर कोण पाहीन?”

एक झालं. गिअर बदलून मी पुन्हा विचारलं, “खरंच, चल ना.”

“नको हो. या वयात काय ते दोर बांधून फिरायचं?”

दोन झाले. सिग्नलला थांबलो. तिसऱ्यांदा विचारायला मान वळवतो तोच मागून आवाज आला, “अन् काय हो, तो टायर भंगारवाल्याले देल्ला तं नाही न तुमी?”