दुधी काचेमागची खुर्ची

आमच्या घरात प्लास्टिकच्या तीन खुर्च्या होत्या. लग्न होऊन आल्यावर पहिली दोन वर्षं वहिनी त्यांतल्या एकीवरही बसलेली मी पाहिली नाही. तिला कोणी मनाई केली होती असं नाही. सासरा घरात असला की सून खुर्चीवर बसत नाही, एवढंच. हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. बाबा बाहेरून येताना अंगणात खाकरायचे. आजोबा होते तेव्हा त्यांच्या खाकरण्याला आई उठायची, आता बाबांच्या खाकरण्याला वहिनी उठते आणि पदर डोक्यावर घेते. मी मात्र बसूनच राहायची. मी लेक होते. वहिनी माझ्यापेक्षा दीडच वर्षाने मोठी आहे.

पूर्वी बाबा सकाळी सायकलने वरठीला कारखान्यात जायचे आणि संध्याकाळी यायचे, तेव्हा मधला दिवस तरी मोकळा असायचा. मग त्यांची पाठ गेली, काम सुटलं आणि ते दिवसभर समोरच्या खोलीत तख्तावर बसू लागले. वहिनी दिवसभर चुलीजवळ जमिनीवर. ती बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. मी कॉलेजात जाणारी घरातली पहिली, पण अभ्यासाचं डोकं तिचं. भंडाऱ्याहून बी.ए.चा बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म मीच तिला आणून दिला होता. पिठाचा डबा उपडा करून त्यावर वही ठेवून ती लिहायची. तासाभराने उठली की गुडघे धरून उभी राहायची.

त्याच सुमारास जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं. मी सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, कॉलेजात घराचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर शिकवत होते, आणि त्या वर्षीचा प्रकल्पही ‘एका राहत्या घराचं मॉडेल’ असा होता. नकाशा मीच काढायचा हे घरी न बोलता ठरून गेलं. मला धड वीट ओळखता येत नव्हती, पण हे सांगायचं कसं?

वहिनीने एकच गोष्ट मागितली. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

“बाई, सयपाकखोलीत एक टेबल-खुर्ची बसन का? बाबाले दिसणार नाही अशी.”

“बसन ना,” मी म्हटलं.

पण जागा अरुंद. दोन्ही बाजूंना काकांची घरं, त्यामुळे उजेड येणार तो समोरच्या दारातून आणि मागच्या, स्वयंपाकखोलीच्या खिडकीतून. मध्ये भिंत घातली तर समोरची खोली काळोखी. बाबा म्हणाले, “भित नको. जिंदगीभर कारखान्यात अंधारात काढली.” दादाने मोबाइलवर कुठलंसं उघडं किचन पाहिलं होतं, तो म्हणाला, “मंग मधात काहीच नको.” मधात काहीच नाही म्हणजे वहिनी नव्या घरातही जमिनीवरच. तेव्हा मी घाईघाईने बोलून गेले, की मध्ये दुधी काच लावू. उजेड येईल, पण आतलं दिसणार नाही.

बाबांनी विचार केला आणि म्हणाले, “दाखव.”

ते दाखवण्यासाठी मी जवळजवळ तीन आठवडे झटत होते. सॉफ्टवेअरमध्ये काचेला पारदर्शकता किती ते ठरवायची एक पट्टी असते. मी ती अर्ध्यावर आणली. काच दुधी झाली नाही, धुरासारखी झाली, आणि मागचा ओटा तसाच्या तसा दिसत राहिला. पाव केली, तर पांढरा पुठ्ठा लावल्यासारखी दिसली. लॅबमधल्या सरांना विचारायला मला दोन दिवस लागले. विचारल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, “तू काच एका रेघेची काढली आहेस. तिला जाडी दे. उजेड आत शिरला पाहिजे, आत भटकला पाहिजे, मग बाहेर आला पाहिजे. आणि पृष्ठभाग खरखरीत कर.”

भटकला पाहिजे, हे मला आवडलं. त्या दिवशी बसस्टँडवर तर्री-पोहे खाल्ले, तेव्हा तेल लागलेला कागद मी उन्हात धरून पाहिला. तेलाच्या डागातून बोट दिसत होतं. बोट कागदाला चिकटवलं की काळं, कडा स्पष्ट. दोन इंच मागे नेलं की विरघळलेलं. बाजूची मुलगी म्हणाली, “काय पाहून राहिली व, पोहे सांडले का?” मी कागद खिशात ठेवला. ओढणीला तेल लागलं.

घरी येऊन काचेला जाडी दिली, खरखरीतपणा वाढवला, मागच्या खिडकीत सूर्य ठेवला. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेला, दादाच्या मित्राचा. एक चित्र तयार व्हायला दुपार जायची. मध्ये लाइट गेली की सगळं पुन्हा. तो इतका तापायचा की आई त्याच्याखाली ओला फडका ठेवायला निघाली होती. पण एका दुपारी चित्र पूर्ण झालं आणि ती काच खरी दिसली. मागच्या खिडकीचं ऊन तिच्यात साचल्यासारखं होतं. मी बराच वेळ नुसती पाहत बसले.

मग मला वाटलं, माणूस ठेवून बघावं. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात. बसलेली बाई एकच होती, पँट घातलेली, खांद्याला पर्स. तिला काचेमागे खुर्चीवर बसवलं आणि दुसऱ्या दुपारी चित्र पाहिलं.

तिचं सगळं दिसत होतं. चेहरा नाही, पण मान किती वाकली आहे, कोपर कुठे आहे, पर्सचा पट्टा, सगळं. टेबल काचेपासून एका फुटावर होतं. चार फूट मागे नेलं असतं तर सावली विरघळली असती, पण ती खोली आठ फुटांची, आणि पलीकडच्या बाजूला ओटा. मी टेबल सरकवून पाहिलं. ओटा अरुंद करून पाहिला. जागा कुठूनच निघेना.

आई मागून डोकावली. “हे कोन बाई होय व, आपल्या सयपाकात बसली?”

“कोनी नाही,” मी म्हटलं, आणि बाईवर माउसचा बाण नेऊन तिला पुसून टाकलं.

हेच मला लिहायचं होतं. मी ते चुकून केलं नाही. त्या बाईसकट चित्र दाखवलं असतं तर बाबा काच नको म्हणाले असते आणि दादाचं उघडं किचन झालं असतं. बाईशिवाय दाखवलं तर निदान काच होईल, पुढचं पुढे पाहू, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस नसलेलं चित्र खोटंही नव्हतं. काच तशीच दिसते, मागे कोणी नसताना.

बाबांनी चष्मा लावून चित्र पाहिलं. “काहीच नाही दिसत मांगचं,” ते समाधानाने म्हणाले. दादा म्हणाला, “कंप्युटरनं काढलं म्हणजे तसंच होईन.” वहिनी दाराआडून पाहत होती. तिने मला हळूच विचारलं, “खरंच नाही दिसत ना, बाई?” मी मान हलवली. बांधकाम सुरू झालं. भिंती वर येत होत्या, आणि प्रत्येक थराबरोबर ती आठ फुटांची खोली पक्की होत होती. मी रोज संध्याकाळी तिथे उभी राहून पावलांनी माप घ्यायची, जसं काही सिमेंट मागे सरकणार होतं.

काच फेब्रुवारीत बसली. टेबल आलं, खुर्ची आत गेली. पहिल्या दुपारी ओटा पुसून वहिनी वही घेऊन बसली. आम्ही समोरच्या खोलीत होतो, बाबा तख्तावर आणि मी दाराशी. काचेवर वहिनी उमटली. पाठ, अंबाडा, हातातला पेन. पदर खांद्यावर घसरलेला, तोही दिसत होता. तिला वाटत होतं ती एकटी आहे.

बाबांनी एकदाच पाहिलं. मग लगेच मान फिरवली, उठले, कंबरेवर हात ठेवून एक खुर्ची उचलली आणि अंगणातल्या पत्र्याखाली जाऊन बसले. जाताना माझ्याकडे पाहिलं.

वहिनीला आतून कळायचा मार्ग नव्हता. उजेड तिच्या बाजूला, अंधार आमच्या. तिला काच नुसती पांढरी दिसायची. ती खुश होती. “बाई, आता गुडघे दुखत नाहीत,” म्हणायची. “काही नाही दिसत ना तिकडून?” मी “नाही” म्हणायची. एकदा खोटं बोलणं निराळं. हे रोजचं झालं. दुपारी एक वाजला की बाबा खुर्ची उचलून बाहेर, ती आत, आणि मी दोघांच्या मध्ये त्या रिकाम्या तख्ताकडे बघत. कॉलेजला जायचे दिवस बरे वाटायला लागले. मार्च लागला, पत्रा तापायला लागला. आईने बाबांना विचारलं, “काहून जी, उन्हात बसता? घर कायले बांधलं मंग?” बाबा म्हणाले, “हवा आहे इथं.” हवा नव्हती.

एका दुपारी वहिनी वाळवण काढायला शेजारी काकांच्या अंगणात गेली होती. मी तिच्या टेबलाशी बसून तिचं परीक्षेचं वेळापत्रक उतरवत होते. ती कुरड्या भरलेलं सूप घेऊन पुढच्या दाराने आली आणि समोरच्या खोलीत थांबली.

“बाई,” ती पलीकडून म्हणाली, “नाक नका खाजवू.”

मी हात खाली घेतला.

“हात खाली घेतला,” ती म्हणाली.

मी उठून गेले. ती काचेकडेच पाहत होती. तिने सूप तख्तावर ठेवलं, दारातून अंगणात पाहिलं. पत्र्याखाली बाबा पाठमोरे बसले होते, मानेवर ओला दुपट्टा.

“म्हनून बसतेत ते बाहीर?”

“हो.”

“तुम्हाले माहीत होतं?”

“चित्र काढलं तेव्हापासून.” मग मी त्या पुसलेल्या बाईबद्दल सगळं सांगितलं. पर्सचंसुद्धा.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, “मले सांगाचं होतं. मी ठरवलं असतं, बसाचं का नाही ते.” आणि सूप उचलून आत गेली. तिच्यासाठी म्हणून मी जे केलं, त्यात तिला विचारायचंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता काच रिकामी होती. मी आत जाऊन पाहिलं. वहिनी जमिनीवर, पिठाचा डबा पुढे, डोक्यावर पदर. परीक्षेला तीन आठवडे होते.

मी बाहेर आले तेव्हा बाबा खुर्ची उचलायला वाकले होते. त्यांनी सवयीने काचेकडे न बघता मान वळवली, मग काहीतरी वेगळं वाटलं म्हणून पाहिलं. रिकामी काच. ते तख्तावर परत बसू शकले असते. त्यांनी एकदा तख्ताकडे पाहिलं. मग खुर्ची उचलून दारापर्यंत गेले आणि तिथून, मला उद्देशून पण आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“सांग तिले, मी बाहीर बसून राहिलो. पाच वाजेपर्यंत येत नाही म्हना.”

सुनेशी ते सरळ बोलत नसत. निरोप एका दारातून दुसऱ्या दारात न्यायचा होता, आणि तो तिने ऐकलेलाच होता. तरी मी आत गेले आणि सांगितला. वहिनी डब्याकडे पाहत राहिली. अंगणात खुर्ची टेकल्याचा आवाज आला, मग बाबांचं खाकरणं, या वेळी दूर जाणारं.

वहिनी उठली आणि खुर्चीवर बसली. मी समोरच्या खोलीत आले. काचेवर तिची सावली होती, पेन चालत होता. पदर डोक्यावर होता. पाठ ताठ, खुर्चीच्या पाठीपासून चार बोटं दूर. पाच वाजेपर्यंत मी अधूनमधून पाहिलं. ती एकदाही टेकून बसली नाही.