‘मला येत नाही’चा नियम

छडीबाईंनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत छडी एकदाही हातात धरली नव्हती. गरजच पडली नाही. जीभ होती ना. बाई गणित शिकवायच्या, आणि राग त्यांच्या नाकावर असा ठाण मांडून असायचा, की चष्म्याला जागा उरते कशी याचंच वर्गाला नवल.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी फोनवर शिक्षकांचा ग्रुप काढला, तोही रागाच्या भरातच. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात दोनशे शिक्षक माना डोलावत बसले होते. ‘काही शंका?’ म्हटल्यावर एक हात वर गेला नाही, आणि बाहेर पाण्याच्या नळाशी जो तो कुजबुजत होता, आपल्याला काही कळलं नाही बुवा. बाईंचं डोकं फिरलं. पोरांना ‘न लाजता विचारा’ सांगणारी ही माणसं स्वतः तोंडाला कुलूप लावून बसतात. म्हणून ग्रुपचा नियम एकच: प्रश्नाची सुरुवात ‘मला येत नाही’ या तीन शब्दांनी करायची. फुलं, सुविचार, अभिनंदन टाकणाऱ्याला आधी समज, मग नारळ.

नियम तऱ्हेवाईक खरा, पण लागू पडला. एकट्याने चार वर्ग सांभाळणारे, घाटापलीकडच्या शाळांतले, ज्यांना विचारायला शेजारी भिंतच, असे चारशे शिक्षक जमले. बाईंचा नवरा शिंपी. संध्याकाळी बाई त्याच्या दुकानात स्टुलावर बसून उत्तरं लिहीत, आणि तो मशीन चालवता चालवता विचारी, “आज कोणाला काय येत नाही?”

मग शिक्षण खात्याचे नवे साहेब तालुक्याला बदलून आले. त्यांना ग्रुपात घ्यायला हवं, असं कोणीतरी सुचवलं. बाईंनी नुसतं घेतलं नाही, थेट ॲडमिन केलं. साहेब वर्गात आले की खुर्ची रिकामी करून आपण फळ्याजवळ उभं राहायचं, ही शिक्षकाची सवय हाडीमासी खिळलेली. नवरा तेवढं म्हणाला, “अगं, खुर्ची दिलीस ते ठीक, किल्ली कशाला दिलीस?”

त्याच महिन्यात एका नव्या शिक्षिकेने लिहिलं. घाटापलीकडची शाळा, नोकरी कायम व्हायला दोन महिने बाकी. ‘मला येत नाही. दोनला अर्ध्याने भागलं की चार येतात. एक मुलगी विचारते, भागल्यावर वाढलं कसं? मी रीत सांगितली, पण माझं मलाच पटेना.’ बाईंनी नवऱ्याची दोन मीटर फीत उचलली, अर्ध्या अर्ध्या मीटरचे चार तुकडे कापले आणि फोटो टाकला: दोन मीटरमध्ये अर्धे मीटर किती वेळा बसतात, एवढंच तर विचारलंय. दुसऱ्या दिवशी त्या वर्गाने कागदाच्या पट्ट्या कापून धुमाकूळ घातल्याची बातमी आली.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. विषयज्ञान अपुरे असल्याचे आपण स्वतः लेखी कबूल केले आहे, तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा आपणास कायम करता येणार नाही. सोबत ग्रुपमधल्या त्या संदेशाची छापील प्रत.

त्या शिक्षिकेने, कालच्या पोरीने, बाईंना फोन केला. रडली नाही. “बाई, मी फक्त नियम पाळला,” एवढंच म्हणाली. बाईंना ते वाक्य थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

त्या तडक साहेबांच्या कचेरीत. साहेबांनी शांतपणे सांगितलं, की लेखी आलंय, त्यांचा नाइलाज आहे, आणि असं लिहायची शिकवण तर बाईंचीच. बाई बसल्या नाहीत.

“साहेब, तुम्ही सांगा, भागल्यावर वाढतं कसं?”

साहेबांनी टेबलाच्या काचेवरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. तो माझा विषय नाही, म्हणाले.

“म्हणजे येत तुम्हालाही नाही. तुम्ही फक्त लिहून दिलं नाहीत.”

दुकानात येऊन ग्रुप उघडला, तर तिथे स्मशानशांतता. नोटिशीची बातमी सगळ्यांना कळलेली, आणि चारशेंपैकी एकानेही तोंड उघडलेलं नाही. उलट तिघे बाहेर पडलेले. साहेबांपेक्षा बाईंना आता यांचाच संताप आला. साहेब परका; ही आपली म्हणवणारी माणसं.

“झालं, पुन्हा पाण्याच्या नळाशी,” त्या पुटपुटल्या. साहेबांना ग्रुपमधून काढलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतः प्रश्न लिहिला: ‘मला येत नाही. नोटिशीचा खुलासा कसा लिहायचा?’

ग्रुप गप्प. दोन दिवस गप्प. बाईंनी तीन कागद लिहून फाडले; दर वेळी खुलाशाच्या जागी शिव्याच उमटत होत्या.

शेवटच्या सकाळी एका मुख्याध्यापकांनी लिहिलं. चार वर्षं ग्रुपात होते, आजवर चकार शब्द नाही. ‘आजवर सात नोटिसांना उत्तरं दिलीत, घ्या लिहून,’ म्हणत त्यांनी अख्खा मसुदा पाठवला, आणि खाली चार वर्षांपूर्वी न विचारलेला स्वतःचा प्रश्न: मला येत नाही, दशांशाचा भागाकार. मग धरणच फुटलं. जो तो आपला जुना प्रश्न तारीख आणि सहीसकट पाठवू लागला, खुलाशाला जोडायला. दुपारपर्यंत एकशे बेचाळीस झाले. बाईंनी छापून, शिंप्याच्या फितीने बांधून तो गठ्ठा साहेबांच्या टेबलावर आपटला.

एवढ्यांना नोटिसा काढायच्या तर शाळा बंद ठेवाव्या लागल्या असत्या. खुलासा ‘समाधानकारक’ ठरला, आणि दोन महिन्यांनी पोरगी कायम झाली. बाईंना मात्र ‘वरिष्ठांशी असभ्य वर्तन’ म्हणून वेगळी नोटीस आली. मुख्याध्यापकांनी लिहिलं, ‘आठवी.’

ज्या दिवशी पोरगी कायम झाली, त्या दिवशी ग्रुपवर फुलांचा आणि अभिनंदनाचा पाऊस पडला. बाईंनी पहिलं फूल पाहिलं, दुसरं पाहिलं, नवऱ्याला म्हणाल्या, मशीन जरा थांबवा. मग लिहिलं:

‘दोन दिवस गप्प बसलेल्यांनी फुलं पाठवू नयेत. सगळ्यांना पहिली समज.’